मण्याची मुदत

सोमवारी दुपारी साडेबाराला वैजयंती हर्डीकर मिरजेच्या निरंजन निवास या शुश्रूषागृहाचा जिना चढून दुसऱ्या मजल्यावर आली, तेव्हा खोलीच्या चौकटीवरचा दिवा हिरवा झाला. म्हणजे तिच्या मनगटातल्या मण्याने आपलं काम केलं होतं. आता उंबऱ्यात उभं राहून नुसतं बघायचं.

खिडकीशी बसलेल्या कुमुदताईने मान वर केली. धाकट्या बहिणीला पाहून आधी तिचे डोळे हसले. ती ओळख वैजयंतीच्या जन्मापासूनची. त्यासाठी ताईला कुणी काही सांगायची गरज नव्हती. मग तिच्या कानातलं यंत्र कुजबुजलं. चार-पाच सेकंदच. शब्द वैजयंतीला ऐकू येत नसत, पण ते कुठवर आले हे ताईच्या चेहऱ्यावरून तिला आता कळू लागलं होतं. आधी हसू विझलं, मग ओठ मिटले, मग हनुवटी वर झाली.

“तू होय,” ताई म्हणाली. “उद्यापन झालं का नीट?”

“ताई, मी...”

“सोळा मेहुणं जेवली ना पोटभर? मग झालं तर. जा आता.”

हा अकरावा सोमवार होता. अकराही सोमवारी शब्द जवळजवळ हेच होते. एकदा चूर्मा गोड झाला होता का, एवढं जास्तीचं विचारलं होतं. ताईने तीस वर्षं मिरज जंक्शनच्या चौकशी खिडकीवर काढली होती. गाडी कितीही उशिरा असो, तिचा आवाज कधी चढला नाही, आणि आताही चढत नसे.

बाहेर यल्लव्वा फरशी पुसत होती. ताईचं सगळं तीच बघायची.

“आज बी?”

“आजही.”

“बाई, एक वरीस येऊ नगा की तुमी. आपोआप पुसतंय म्हणालता न्हवं?”

“न आल्यावर पुसतं, यल्लव्वा. मी येत राहिले तर नाही पुसत.”

“आणि असं कुणी करून ठेवलंय?”

वैजयंतीने चपला घातल्या आणि ती जिना उतरली.

करून ठेवणारी तीच होती.

अडीच वर्षांपूर्वी ताईला मेंदूज्वर झाला. ताप उतरला, बोलणं-चालणं पूर्ववत झालं, जुन्या आठवणी जागच्या जागी राहिल्या; पण मेंदूचा जो इवलासा भाग नवी आठवण टिपून ठेवतो, तो करपून गेला. माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की ताई त्याला पुन्हा पहिल्यापासून भेटायची. मेंदूविकारांचे डॉक्टर रफिक जमादार यांनी तेव्हा सांगितलं होतं, “विचार करणारं यंत्र शाबूत आहे. लिहून ठेवणारी वही नाही राहिली.”

“म्हणजे सर्व्हर,” वैजयंती म्हणाली होती.

डॉक्टरांना काही कळलं नाही. पण तिचं सगळं आयुष्य सर्व्हरचे प्रोग्रॅम लिहिण्यात गेलेलं. इंटरनेटवर आपण एखादं पान मागतो, तेव्हा कुठेतरी दूर बसलेला सर्व्हर ते पान काढून देतो आणि त्या क्षणी आपल्याला विसरतो. त्याचा स्वभावच तसा. लगेच दुसरं पान मागितलं, तरी त्याच्या लेखी आपण परकेच. लाखो माणसं एकाच वेळी दारात उभी असताना एकेकाचा चेहरा ध्यानात ठेवत बसणं त्याला परवडत नाही. यावर जुन्या लोकांनी सोपी तोड काढली. पहिल्या भेटीत सर्व्हर पानासोबत एक चिठ्ठी देतो. आपला ब्राउजर ती जपून ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक मागणीसोबत, आपल्याला न विचारता, सर्व्हरला परत दाखवतो. तिलाच कुकी म्हणतात. देवळाबाहेर चपला सांभाळणारी बाई आपला चेहरा कधी लक्षात ठेवते? ती आपल्या हातातला बिल्ला ओळखते. आठवण तिच्याजवळ नसते. ती आपण घेऊन आत जातो आणि आपणच परत आणून देतो.

त्यावरून मणी निघाला. रुग्णाला भेटायला येणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटात एक मणी, रुग्णाच्या कानात एक यंत्र. माणूस दारात आला की मणी आपली चिठ्ठी यंत्राला दाखवतो आणि यंत्र ती रुग्णाच्या कानात वाचतं: हा कोण, मागच्या खेपेला काय बोलणं झालं. भेट चालू असेपर्यंत यंत्र बोलण्याचा धागा धरून ठेवतं. माणूस निघाला की यंत्र रुग्णाला विचारतं, “काय लिहू?” रुग्ण चार-सहा वाक्यं सांगतो, जुनी पुसून तेवढी नवी मण्यात जातात. जास्तीला जागाच नाही. निवासाच्या संगणकावर यातलं अक्षरही राहत नाही, कारण आजारी माणसाच्या आठवणी कुठल्या संस्थेच्या कोठारात पडून राहू नयेत असा आता कायदा आहे. या वास्तूतला मणी दुसऱ्या वास्तूत मुका असतो.

आणखी दोन गोष्टी वैजयंतीने त्यात घातल्या होत्या. ज्याच्या मनगटात मणी, त्यालाही आतला मजकूर वाचता येत नाही. वाचता आला असता तर नातेवाइकांनी रुग्णापाशी बसून भांडून वाक्यं बदलून घेतली असती. शिवाय प्रत्येक चिठ्ठीवर सांकेतिक सही असते. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर सही जुळत नाही आणि यंत्र ती नाकारतं. ज्याचा मणी त्याने तो हवं तर पूर्ण पुसावा. बदलता मात्र येणार नाही.

राहिली मुदत. प्रत्येक कुकीला मुदत असते, ती टळली की चिठ्ठी आपोआप बाद. वैजयंतीने ती वर्षाची ठरवली. अनंताचा दोरा वर्षभर बाळगून पुढच्या चतुर्दशीला बदलतात, तेच मनात असावं. आणि तिथेच तिने एक ओळ लिहिली: प्रत्येक भेटीला मुदत पुन्हा त्या दिवसापासून वर्षभर पुढे सरकेल. जो नेमाने येत राहतो त्याची ओळख चालू राहावी, जो येणं सोडतो त्याची सुटावी. पहाटे उठून पूजा, सोमवारी एकभुक्त, चातुर्मासात काही ना काही सोडलेलं, अशी ती बाई. नेम मोडला की पहिल्यापासून सुरुवात, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. तिला त्या ओळीत काही वावगं दिसलं नाही, आणि तपासणाऱ्यांनाही नाही.

चैत्रात मणी सुरू झाले. तीन महिने सोमवार सुखाचे गेले. आषाढात एकदा ताईने विचारलं, “मला इथं कसं आणलं गं?” आणि वैजयंतीने खरं ते सांगून टाकलं. निघताना यंत्राने ताईला नेहमीप्रमाणे विचारलं, “काय लिहू?” ताईने काय सांगितलं ते वैजयंतीला पुढच्या सोमवारी दारात कळलं.

“रागाला वय असतं,” डॉक्टर जमादार म्हणाले. त्या अकराव्या सोमवारी निवासातून निघून ती त्यांच्या दवाखान्यात जाऊन बसली होती. “आपण रागाबरोबर जगतो, म्हणून तो आपल्याबरोबर म्हातारा होतो. महिन्याभराने त्याची धार जाते, दोन वर्षांनी आपण नुसते कुरकुरतो. कुमुदताईंच्यात तो जगतच नाही. तुमच्या मण्यातून दर सोमवारी तव्यावरून उतरल्यासारखा निघतो. त्या तो ऐकतात, चिडतात, आणि जाताना तोच परत लिहून देतात.”

“मी येते म्हणून तो टिकतो.”

“बरोबर. मग वर्षभर जाऊ नका.”

“ती सदुसष्ट वर्षांची आहे, डॉक्टर. आणि मी गेले नाही तर तिच्याकडे जाणारं दुसरं कोण आहे? आई-वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. तिने लग्न केलं नाही ते माझ्यापायी.”

“तर मणी पुसा. तो तुमचा हक्क. तो नियमात घालावा म्हणून तुम्हीच तर भांडला होतात.”

“मग ती मला जवळ घेईल.”

“घेईलच की. त्यात वाईट काय?”

डॉक्टरांनी चहा मागवला. ती सोमवारी चहाही घेत नाही हे त्यांना माहीत होतं, तरी दर वेळी मागवायचे.

चिठ्ठ्यांवर सही उमटवणारा गुप्त संकेत, म्हणजे किल्ली, कार्यालयात तिच्याच ताब्यात असे. मंगळवारी ती तिथल्या संगणकासमोर बसली. ‘कुमुदने वैजूला क्षमा केली आहे’ एवढं लिहून सही उमटवायला मिनिटही लागलं नसतं, आणि जगात कुणाला कळलं नसतं. तिने पहिला शब्दसुद्धा लिहिला नाही. मग मुदतीची ती ओळ उघडून पाहिली. ती काढून टाकणंही हातातच होतं. पण त्याच ओळीच्या जोरावर निवासाच्या नाशिक शाखेतल्या एका आजोबांना त्यांची नातवंडं दर रविवारी न चुकता ओळखीची भेटत होती; निवासाच्या मासिकात त्यांचा फोटो आला होता. तिने ओळ तशीच ठेवली.

गुरुवारी देवापुढे दिवा लावल्यावर तिने मण्याच्या मागच्या भोकात सेफ्टीपिनेचं टोक धरलं आणि मनात दहा आकडे मोजले. मणी एकदा थरथरला आणि थंड झाला.

बाराव्या सोमवारी चौकटीवरचा दिवा पिवळा झाला. पिवळा म्हणजे पाहुणा नवा. ताईने मान वर केली, डोळे हसले, आणि या वेळी कानातल्या यंत्राला सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

“वैजे, ये की. उंबऱ्यात काय उभी राहिलीस भिक्षा मागायला आल्यासारखी?”

वैजयंती आत गेली. ताईने तिचं मनगट धरून तिला शेजारी बसवलं.

“केवढी वाळलीयस. सोमवार अजून चालूच का?”

“चालू आहेत.”

“महादेव तरी कंटाळला नाही तुला?” ताई हसली. “कोयना धावते का अजून?”

“धावते.”

“कुठल्या फलाटावर लागते?”

“ते नाही मला माहीत.”

“कशी माहीत असणार. तुला स्टेशनात यायचं म्हणजे जिवावर. मी डबा विसरले की यायचीस तेवढीच.”

असं पाऊण तास चाललं. यल्लव्वा ताईचं ताट घेऊन आली. तिने एकदा वैजयंतीकडे आणि एकदा दिव्याकडे पाहिलं आणि ताट ठेवलं.

“बस माझ्याबरोबर,” ताई म्हणाली.

“सोमवार आहे ना.”

“हां. विसरलेच.” आणि स्वतःच्याच बोलण्याचं तिला हसू आलं. वैजयंतीही हसली. आषाढापासून दोघी एकदम हसल्या नव्हत्या.

ताईने भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला. “हे यंत्र आत्ता कानात सांगतंय, तुला मेंदूज्वर झाला होता म्हणून. बरं म्हणते मी. पण मला इथं आणलं कुणी? वेळेत आणलं का?”

दारात पिवळा दिवा होता. ताप आला होता, दवाखान्यात नेलं, असं म्हणून भागलं असतं. ते खोटंही झालं नसतं.

“मी आणलं,” वैजयंती म्हणाली. “वेळेत नाही आणलं. तू रविवारी संध्याकाळी फोन केला होतास.”

“काय म्हणाले मी?”

“डोकं ठणकतंय म्हणालीस. पेपरातली अक्षरं नाचतायत म्हणालीस.”

“आणि तू?”

“गोळी घे म्हटलं. उद्या माझ्या सोळा सोमवारांचं उद्यापन आहे, मंगळवारी सकाळी येते म्हटलं. सोळा मेहुणं सांगितली होती. आता सोडलं तर सगळे सोमवार वाया जातील असं वाटलं. मंगळवारी आले तेव्हा तू मला आईच्या नावाने हाक मारत होतीस. डॉक्टर म्हणाले, छत्तीस तास आधी आणलं असतं तर कदाचित वाचलं असतं.”

आमटीवर साय धरल्यासारखा पातळ थर आला होता.

“हे तू मला आज सांगतेयस?” ताईने विचारलं.

“नाही. आषाढात सांगितलं होतं. तेव्हापासून अकरा सोमवार तू मला दारातूनच परत पाठवलंस. म्हणून मी मणी पुसून आले.”

“म्हणजे आज मला गोड बोलायला लावलंस.”

“हो.”

“चोरून.”

“हो, ताई.”

ताईने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग खिडकीवर माणूस आला की जशी चौकशी करायची, तशी तिने एकेक गोष्ट विचारून घेतली. मणी काय करतो, कोण लिहितं, किती दिवस राहतं.

“म्हणजे तू येत राहिलीस तर माझा राग राहणार. येणं सोडलंस तर जाणार.”

“हो.”

“असला नियम कुणी केला?”

“मी.”

“तरीच,” ताई म्हणाली. “सोमवारचा उपास किती वर्षांचा तुझा?”

“एकोणीस.”

“एकोणीस वर्षांत एकदाही मोडला नाहीस.”

“नाही.”

“जा तू आता. मला या यंत्राशी बोलायचंय.”

वैजयंती उठली. बाहेर येऊन तिने जिन्याचा कठडा धरला. आतून ताईचा संथ, सपाट आवाज येत होता; शब्द कळत नव्हते. यल्लव्वा दाराजवळच होती, तिला कळत असावेत. ती काही सांगायला पुढे आली तेव्हा वैजयंतीने हाताने नको म्हटलं. मनगटातला मणी एकदा थरथरला आणि कोमट झाला.

तो आठवडा नेहमीसारखाच गेला. पहाटे पूजा, दिवसभर कार्यालय, संध्याकाळी दिवा. मणी तिने एकदाही काढला नाही, अंघोळीलासुद्धा. त्यात काय आहे ते वाचण्याची सोय जगात कुणाकडेच नव्हती, आणि ती सोय नसावी हे तिनेच ठरवलेलं.

तेराव्या सोमवारी दिवा हिरवा झाला.

ताईने मान वर केली. डोळे हसले. यंत्र कुजबुजू लागलं, आणि या खेपेला चार-पाच सेकंदांत थांबलं नाही. हसू विझलं. ओठ मिटले. हनुवटी वर झाली. वैजयंतीचा एक पाय आपसूक मागे सरला.

“थांब,” ताई म्हणाली. “यल्लव्वा, आणखी एक ताट आण.”

ताट तयारच असावं. यल्लव्वा लगेच आली. भाकरी, वांग्याची भाजी, दही, खर्डा. तिने ते ताईच्या ताटाशेजारी ठेवलं आणि पदराने कपाळ पुसत भिंतीला टेकून उभी राहिली. जायचं तिच्या मनात दिसत नव्हतं.

“आज सोमवार आहे, ताई.”

“ठाऊक आहे.” ताईने कानाला बोट लावलं. “मीच मला सांगून ठेवलंय. ही सोमवारीच येते. हिला आपल्या पानाशेजारी जेवायला बसव. बसली तर मग काय रागवायचं ते रागव. नाही बसली तर एक अक्षर बोलू नकोस, दार दाखव.”

वैजयंती उंबऱ्यात उभी होती. घरी देवापुढे सकाळी वाहिलेला बेल होता. संध्याकाळी सोडायच्या उपासासाठी तांदूळ भिजत घातलेले होते. ताई तिच्याकडे बघत होती. ओळखीच्या प्रवाशासाठीसुद्धा गाडी थांबवून धरता येत नाही, तसं ते बघणं होतं.

तिने चपला काढल्या. मोरीत जाऊन हात धुतले. ताईच्या शेजारी बसून ताटाभोवती पाणी फिरवलं आणि भाकरी मोडली. पहिला घास तोंडात घातला.

“खर्डा घे,” ताई म्हणाली. “यल्लव्वाच्या हातचा तिखट असतो. दह्याबरोबर खा.”

दोघी जेवू लागल्या. ताईने तिला आणखी अर्धी भाकरी वाढली आणि तिने ती नको म्हटली नाही. ताट चाटूनपुसून होईपर्यंत ताई थांबली. मग उठून हात धुतले, पदराला पुसले, खुर्ची वळवून बरोबर वैजयंतीच्या समोर आणली आणि मांडीवर हात ठेवून बसली.

“हं,” ती म्हणाली. “रविवार संध्याकाळपासून सांग. मधलं काही गाळायचं नाही.”